सीटी स्कॅन: चित्र कसं बनतं आणि रेडिएशनचा हिशेब कसा करायचा

डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. त्या यंत्रात नेमकं करतात काय? आणि रेडिएशनचं काय, त्यानं पुढे कॅन्सर वगैरे होणार नाही ना? पहिला प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, कारण तो तंत्रज्ञांचा वाटतो. दुसऱ्यावर मात्र प्रत्येकाचं मत तयार असतं. कुणी म्हणतं, एक सीटी म्हणजे शंभर एक्स-रे, अजिबात करू नका. कुणी म्हणतं, काही होत नाही, हल्ली सगळेच करतात. माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न नीट समजून घेतला तर दुसऱ्याचं निम्मं उत्तर आपोआप हाती येतं. सीटीचं चित्र आणि सीटीचा धोका या दोन्हींचं मूळ एकच आहे: एक्स-रे शरीरात अडतात. काही किरण अडतात म्हणून चित्रात काळं-पांढरं उमटतं, आणि अडलेले किरणच आपली ऊर्जा शरीरात सोडतात. त्या ऊर्जेला आपण डोस म्हणतो.

साधा एक्स-रे कुठे कमी पडतो

विल्हेल्म राँटजेन यांना १८९५ साली एक्स-रे सापडले आणि काही महिन्यांतच डॉक्टर ते वापरू लागले. साधा एक्स-रे म्हणजे एक सावली असते. हाड किरणांना भरपूर अडवतं म्हणून ते पांढरं दिसतं, फुप्फुसातली हवा फारसं अडवत नाही म्हणून ती काळी दिसते. पण छातीच्या फासळ्या, फुप्फुसं, हृदय, पाठीचे मणके या सगळ्यांच्या सावल्या एकाच सपाट जागी पडतात. पारदर्शक कागदावर छापलेल्या पुस्तकाची सगळी पानं एकावर एक ठेवून उजेडात धरावीत, तसा हा प्रकार आहे. अक्षरं दिसतात, पण कोणतं अक्षर कोणत्या पानावरचं ते सांगता येत नाही. हृदयामागे दडलेली लहान गाठ एक्स-रेत निसटते ती यामुळेच.

मऊ अवयवांची अडचण त्याहून मोठी. मेंदू, मेंदूत सांडलेलं रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी हे तिघंही किरणांना जवळपास सारखंच अडवतात. कवटीच्या दाट सावलीत त्यांच्यातला फरक पार बुडून जातो. सीटी येण्यापूर्वी मेंदूतल्या गाठीचा माग काढण्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्या जागी हवा भरत आणि मग एक्स-रे काढत. रुग्णाला त्यानंतर भयंकर डोकेदुखी आणि उलट्या होत. त्या काळाची आठवण ठेवली की सीटीचं मोल कळतं.

चार खणांचं कोडं

सीटीचं यंत्र हे एक मोठं कडं असतं, त्याला गॅन्ट्री म्हणतात. कड्याच्या आत एका बाजूला एक्स-रेची नळी असते आणि बरोबर समोर किरण मोजणाऱ्या शेकडो बारीक डिटेक्टरांची कमान. नळीत साधारण १२० हजार व्होल्टच्या दाबानं इलेक्ट्रॉन धावत येऊन टंगस्टनच्या फिरत्या चकतीवर आदळतात. त्यातली सुमारे ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेल्या १ टक्क्यातून एक्स-रे निघतात. चकती फिरती ठेवावी लागते, नाहीतर ती एका जागी वितळेल. नळी आणि डिटेक्टर मिळून रुग्णाभोवती गरगर फिरतात. आजच्या यंत्रात एक फेरी अर्ध्या सेकंदात किंवा त्याहूनही लवकर होते आणि तेवढ्यात साधारण हजार कोनांतून मोजणी होते. प्रत्येक कोनातून एकच गोष्ट मोजली जाते: निघालेल्या किरणांपैकी किती किरण पलीकडे पोहोचले.

आता गंमत इथून पुढे आहे. पलीकडे किती पोहोचले यावरून त्या किरणाच्या पूर्ण वाटेवर एकूण किती अडथळा होता एवढंच कळतं. तो अडथळा वाटेत नेमका कुठे होता ते कळत नाही. मग चित्र कसं बनवायचं?

कागद-पेन्सिल घेऊन एक छोटा प्रयोग करू. दोन ओळी आणि दोन स्तंभ असा चार खणांचा चौकोन काढा. प्रत्येक खणात अडथळ्याचा एक आकडा दडलेला आहे, आपल्याला दिसतात फक्त बेरजा. आडवे किरण सोडले तर वरच्या ओळीची बेरीज ८ आणि खालच्या ओळीची ६ आली. उभे किरण सोडले तर डाव्या स्तंभाची ९ आणि उजव्याची ५ आली. आता आकडे शोधा. वर ६ आणि २, खाली ३ आणि ३ हे उत्तर चारही बेरजांत बसतं. पण वर ५ आणि ३, खाली ४ आणि २ हेही बसतं. म्हणजे दोन दिशा पुरत नाहीत. आता एक तिरपा किरण सोडा, वरच्या डाव्या खणातून खालच्या उजव्या खणात जाणारा. त्याची बेरीज ७ आली. पहिल्या उत्तरात ती ९ होते, म्हणून ते बाद. दुसऱ्यात ५ अधिक २ म्हणजे ७. उत्तर एकच उरलं.

सीटी हेच करतं. फक्त त्यात चार खणांऐवजी ५१२ गुणिले ५१२ खण असतात, म्हणजे एका कापात (शरीराच्या एका पातळ थराच्या चित्रात) अडीच लाखांहून जास्त. म्हणून एवढे कोन लागतात आणि म्हणून संगणकाशिवाय हे काम होत नाही. जितके कोन, जितके किरण, तितकं उत्तर पक्कं. हे वाक्य लक्षात असू द्या, डोसच्या हिशेबात ते पुन्हा लागणार आहे.

या कोड्याचं गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडोन यांनी १९१७ सालीच सोडवलं होतं, पण वैद्यकाशी त्याचा काही संबंध त्या वेळी नव्हता. पुढे १९५६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या एका रुग्णालयात ॲलन कॉरमॅक हे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांना हा प्रश्न पडला, राडोन यांच्या कामाचा पत्ता नसताना त्यांनी तो नव्यानं सोडवला आणि १९६३ व १९६४ साली लेख छापले. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी कॉरमॅक यांच्याशी काही संपर्क नसताना प्रत्यक्ष यंत्र उभं केलं. प्रयोगशाळेतल्या पहिल्या खटपटीत एका वस्तूची मोजणी करायला ९ दिवस लागत होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, रेडिओलॉजिस्ट (अशी चित्रं वाचणारे डॉक्टर) जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचा पहिला स्कॅन झाला. चित्रात फक्त ८० गुणिले ८० खण होते, आज ते अगदी ठोकळेबाज वाटतं. पण कवटी न उघडता जिवंत माणसाच्या मेंदूतली गाठ त्यात दिसत होती. हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं.

करड्या रंगामागचे आकडे

सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका हा मुळात आकडाच असतो. त्याचं एकक हाउन्सफील्ड यांच्याच नावानं ओळखलं जातं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, नुकतं गोठलेलं रक्त ५० ते ७० किंवा थोडं जास्त, आणि हाड काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढेपर्यंत. या मापात १० एककं म्हणजे पाण्याच्या तुलनेत १ टक्क्याचा फरक. म्हणजे मेंदू आणि त्यात झालेला रक्तस्राव यांच्यातला फरक जेमतेम ३ टक्क्यांचा असतो, आणि तो पकडण्यावर पक्षाघाताच्या रुग्णाचे उपचार ठरतात.

आपल्या डोळ्याला हजारो करड्या छटा वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून रेडिओलॉजिस्ट एकाच स्कॅनकडे वेगवेगळ्या ‘खिडक्यां’मधून बघतात. मेंदू बघताना शून्याखालचं सगळं काळं आणि ८० च्या वरचं सगळं पांढरं करून टाकतात, मग मधल्या छोट्या पट्ट्यातले फरक ठळक होतात. तोच स्कॅन हाडाच्या खिडकीत टाकला की कवटीची बारीक भेग दिसते. स्कॅन पुन्हा करावा लागत नाही, आकडे आधीच साठवलेले असतात.

टेबलावर

आधी एक-दोन सपाट चित्रं घेतात, त्यावरून तंत्रज्ञ कुठून कुठपर्यंत स्कॅन करायचा ते आखतात. मग टेबल कड्यातून सरकतं आणि नळी फिरत राहते, म्हणजे किरणांची वाट स्प्रिंगसारखी वेटोळी होते. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. छातीचा पूर्ण स्कॅन आता एका श्वासात होतो.

तंत्रज्ञ ज्या बारीकसारीक सूचना देतात त्यांना अर्थ आहे. छाती-पोटाच्या स्कॅनला हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. हात अंगालगत राहिले तर किरणांना दोन हातांची हाडंही पार करावी लागतात, चित्रावर रेघा येतात आणि यंत्र ते भरून काढायला डोस वाढवतं. रुग्णाला कड्याच्या बरोबर मध्यावर आणण्यासाठी लेझरच्या रेषा जुळवतात, कारण आजची यंत्रं शरीराच्या जाडीप्रमाणे किरणांची तीव्रता कमी-जास्त करतात. रुग्ण खूप वर किंवा खाली राहिला तर त्या मापाचा अंदाज चुकतो. श्वास रोखायला सांगितला आणि हालचाल झाली तर चित्र धूसर येतं आणि कदाचित पुन्हा काढावं लागतं. तेव्हा नीट ऐकून स्थिर राहणं हीसुद्धा डोस कमी ठेवायला केलेली मदतच आहे.

काही स्कॅनला शिरेतून एक औषध देतात, ते आयोडीनचं असतं. आयोडीन किरणांना जास्त अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या आणि भरपूर रक्तपुरवठा असलेल्या गाठी उठून दिसतात. ते देताना अंगात एकदम गरम वाटतं, तोंडात धातूसारखी चव येते. त्याचा रेडिएशनशी संबंध नाही, त्या औषधात किरणोत्सर्ग नसतो. त्याचे धोके वेगळे: ॲलर्जी, आणि मूत्रपिंडं आधीच दुबळी असतील तर त्यांच्यावर ताण. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. स्कॅन संपला की शरीरात रेडिएशन ‘राहत’ नाही. नळीची वीज बंद झाली की किरण संपले. घरी जाऊन लहान बाळाला जवळ घ्यायला काहीही हरकत नसते. किरणोत्सर्गी औषध टोचून करायच्या पेट स्कॅनला काही तास काळजी घ्यायला सांगतात, ती गोष्ट निराळी.

शरीरात सोडलेली ऊर्जा

किरण शरीरात अडतो तेव्हा अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो. कधी ते थेट डीएनएवर आदळतात, बहुतेकदा पेशीतल्या पाण्याचे तुकडे होऊन तयार झालेले अतिक्रियाशील रेणू डीएनएला इजा करतात. पेशींकडे दुरुस्तीची यंत्रणा असते आणि ती दिवसरात्र चालू असते, कारण अशी इजा नुसत्या जगण्यानेही होत राहते. दुरुस्ती जमली नाही तर पेशी सहसा मरते. काळजी असते ती चुकीच्या दुरुस्तीची. डीएनएच्या दोरीचे दोन्ही पदर तुटले आणि टोकं भलतीच जोडली गेली तर तो बदल पुढच्या पेशींत उतरतो, आणि फार क्वचित, अनेक वर्षांनी, कॅन्सरच्या साखळीतली एक कडी ठरतो. रक्ताचा कॅन्सर साधारण दोन वर्षांनंतर दिसू शकतो, इतर गाठींना बहुधा दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात.

डोस मिलिसिव्हर्टमध्ये सांगतात. माती, दगड, हवेतला रेडॉन वायू, अंतराळातून येणारे किरण आणि अन्नपाणी यांतून माणसाला काही न करता वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा साधा एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी. डोक्याचा सीटी सुमारे २. छातीचा सीटी ६ ते ७. पोट आणि ओटीपोटाचा ८ ते १०. म्हणजे ‘शंभर एक्स-रे’ हे वाक्य पोटाच्या सीटीबाबत आकड्यानं खरं आहे. पण एक्स-रेचा डोस मुळात इतका लहान आहे की त्याची शंभरपट केली तरी चार वर्षांच्या नैसर्गिक रेडिएशनएवढीच होते. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय एकाही वाक्याचा उपयोग नाही.

तुमच्या स्कॅनचा डोस तुम्हालाही काढता येतो. स्कॅनच्या चित्रांबरोबर बहुधा एक आकड्यांचं पान साठवलेलं असतं. त्यात डीएलपी नावाचा आकडा शोधा, तो पूर्ण स्कॅनमध्ये सोडलेल्या किरणांचं माप असतो, एकक मिलिग्रे-सेंटिमीटर. समजा डोक्याच्या स्कॅनचा डीएलपी ९५० आहे. त्याला प्रौढांच्या डोक्यासाठीच्या ०.००२१ नं गुणा, सुमारे २ मिलिसिव्हर्ट येतात. पोटाचा डीएलपी ६०० असेल तर ०.०१५ नं गुणून ९ येतात. डोक्याचा मूळ आकडा मोठा असूनही उत्तर लहान, कारण जठर, आतडी, अस्थिमज्जा यांच्या मानानं मेंदू रेडिएशनला कमी संवेदनशील धरला जातो. मात्र हे गुणक एका सरासरी शरीरासाठी काढलेले आहेत. तुमच्या शरीराचं अचूक माप म्हणून त्याकडे बघू नका, दोन तपासण्यांची तुलना करायला ते उपयोगी.

धोका किती

या बाबतीतली मुख्य माहिती हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या माणसांच्या अनेक दशकांच्या पाहणीतून आलेली आहे. ती हाती धरून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं २००६ साली अंदाज दिला: १०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मिळाले तर त्यातल्या साधारण एकाला त्यामुळे आयुष्यात कधीतरी कॅन्सर होईल. त्याच १०० जणांतल्या सुमारे ४२ जणांना इतर कारणांनी कॅन्सर होणारच असतो. हाच हिशेब सरळ रेषेत खाली आणला तर १० मिलिसिव्हर्टच्या एका पोटाच्या सीटीनं हजारात एक. म्हणजे हजारात सुमारे ४२० होते, ते ४२१ झाले.

सरळ रेषेत खाली आणणं बरोबर आहे का, यावर तज्ज्ञांत खरा वाद आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली परिणाम इतका बारीक असतो की तो नेहमीच्या आकडेवारीतून वेगळा काढणं फार कठीण जातं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचं मत आहे की या पातळीवरचा पुरावा निर्णायक नाही. पण सुरक्षिततेचे नियम करताना थोड्या डोसला थोडा धोका असतो असंच धरून चालतात, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं.

मुलांच्या बाबतीत पुरावा जास्त ठोस आहे. युरोपातल्या ९ देशांत बालपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख जणांचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की आजच्या साध्या डोसचा सीटी झालेल्या १० हजार मुलांपैकी १ ते २ जणांना पुढच्या १२ वर्षांत त्यामुळे रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कॅन्सर होण्याची शक्यता असते. काही मुलांना आधीपासूनच काही त्रास असतो आणि म्हणूनच स्कॅन होतो, त्यामुळे अशा अभ्यासांवर शंका घेतल्या गेल्या, तरी एवढ्या मोठ्या संख्येचा कल झटकून टाकता येत नाही. मुलांच्या पेशी वेगानं विभागत असतात, शरीर लहान असल्यानं तेवढ्याच किरणांत अवयवांना जास्त डोस मिळतो, आणि धोका प्रकट व्हायला पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. सत्तरीतल्या माणसाचं गणित अगदी उलटं. त्याच्या बाबतीत रेडिएशनच्या भीतीनं आवश्यक सीटी लांबवणं जवळपास नेहमीच चुकीचं ठरतं.

एका माणसासाठी हजारात एक ही जोखीम लहान. पण देशभरात कोट्यवधी स्कॅन होतात तेव्हा तीच जोखीम मोठी होते. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ९ कोटी ३० लाख सीटी झाले. त्यातून पुढे एक लाखाच्या आसपास कॅन्सर उद्भवतील असा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. हा अंदाज वर सांगितलेल्या सरळ रेषेवरच उभा आहे, मोजलेले रुग्ण नव्हेत. तरीही गरज नसलेला प्रत्येक स्कॅन का टाळायचा, ते त्यातून कळतं.

डोस शून्य का करता येत नाही

आता ते आधीचं वाक्य. जितके किरण, तितकं उत्तर पक्कं. किरण कमी सोडले की चित्रात वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. दाणे निम्म्यावर आणायचे तर डोस चौपट करावा लागतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मेंदूतला ३ टक्क्यांचा फरक दाण्यांत हरवला तर रुग्णाला डोस मिळाला आणि उत्तर मात्र मिळालं नाही, आणि तो सर्वात वाईट सौदा. उलट फुप्फुसात हवा आणि गाठ यांत इतका मोठा फरक असतो की तिथे दाणेदार चित्रही चालतं. म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांची फुप्फुसं तपासायला साधारण १.५ मिलिसिव्हर्टचा कमी डोसचा सीटी पुरतो, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या तपासणीनं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ मध्ये दिसलं. मूतखड्याचंही तसंच. खडा पांढराशुभ्र दिसतो, त्याला सुबक चित्र लागत नाही.

हे सगळं यंत्र चालवणाऱ्याच्या हातात आहे, आणि मला सर्वात जास्त कळकळ इथे वाटते. एकाच तपासणीसाठी वेगवेगळ्या रुग्णालयांत डोस कितीतरी पटींनी वेगळा आढळतो. प्रौढांच्या मापावर मुलाचा स्कॅन केला तर त्याला विनाकारण जास्त डोस जातो. आणि ‘आधी साधा, मग औषध टोचून, मग आणखी पाच मिनिटांनी’ अशा फेऱ्या केल्या की प्रत्येक फेरीला डोस नव्यानं मोजावा लागतो. यकृतातल्या गाठीचा प्रकार ओळखायला अशा फेऱ्या लागतात. नुसत्या छातीच्या स्कॅनला बहुधा एक पुरते. तेव्हा ‘हे एकाच फेरीत होईल का?’ हा प्रश्न रेडिओलॉजिस्टना नि:संकोच विचारावा. बेफिकिरी किती महाग पडते तेही घडून गेलं आहे. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या सीटीची मापं चुकीची लावलेली असल्याचं उघड झालं. दीड वर्ष २०० हून अधिक रुग्णांना ठरलेल्यापेक्षा आठपट डोस जात होता, आणि ते लक्षात आलं एका रुग्णाचे केस गळाले तेव्हा.

कधी हो म्हणायचं, कधी विचारायचं

अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर डोक्याचा सीटी लगेच. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना ते दिलं तर जीव जाऊ शकतो. त्या २ मिलिसिव्हर्टचा विचारसुद्धा तिथे करायचा नसतो. मोठा अपघात, फुप्फुसात गुठळीचा संशय, पोटात काही फुटल्याची शंका, कॅन्सर किती पसरला ते बघणं, या सगळ्यांत तेच.

पण मूल पलंगावरून पडलं, रडलं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर बहुतेक वेळा सीटी लागत नाही. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात २००९ साली दिसलं की गंभीर इजा १ टक्क्याहून कमी मुलांना होती, आणि शुद्ध, उलट्या, मार कसा लागला अशा साध्या निकषांवरून कोणाला स्कॅनची गरज नाही ते फार खात्रीनं ठरवता येतं. काही तास डोळ्यांसमोर ठेवणं हा तिथे रीतसर वैद्यकीय निर्णय असतो, हयगय नव्हे. मूतखड्याच्या कळा घेऊन आलेल्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, आधी सोनोग्राफी केलेल्यांच्या आणि थेट सीटी केलेल्यांच्या गंभीर गुंतागुंतींत लक्षणीय फरक निघाला नाही. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असं रेडिएशन नसतंच.

काही त्रास नसताना ‘एकदा पूर्ण शरीर बघून घेऊ’ म्हणून सीटी करणं मला पटत नाही. किरण तर जातातच, शिवाय यकृतात, मूत्रपिंडात, फुप्फुसात काहीतरी निरुपद्रवी ठिपका बहुधा सापडतो. मग त्याच्यामागे आणखी स्कॅन, सुई घालून तपासणी आणि महिनोन् महिने धास्ती.

गरोदरपणात डोक्याचा किंवा छातीचा सीटी लागला तर पोटातल्या बाळापर्यंत फार थोडे किरण पोहोचतात. ओटीपोटाच्या सीटीत बाळाचा डोस साधारण २५ मिलिग्रेपर्यंत (मिलिग्रे हे शरीरात शोषलेल्या ऊर्जेचं एकक) जाऊ शकतो, आणि ५० मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग येत असल्याचं दिसलेलं नाही. तरी गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगायलाच हवं, म्हणजे सोनोग्राफी किंवा एमआरआयनं भागतं का ते बघता येतं.

‘आधीच पाच सीटी झालेत, आता सहावा नको’ असंही लोक म्हणतात. हा विचार समजण्यासारखा आहे, पण हिशेबाला धरून नाही. पाच स्कॅनचा धोका घेऊन झाला, तो सहावा टाळून परत मिळत नाही. सहाव्याची जोखीम त्याची स्वतःची आणि तेवढीच लहान, आणि त्याचा उपयोग आजच्या दुखण्यावरून ठरतो. डॉक्टरांना एवढंच विचारा की या स्कॅनचं उत्तर काहीही आलं तरी उपचार तेच राहणार आहेत का. उत्तर ‘हो’ असेल तर स्कॅनवर पुन्हा विचार व्हायला हवा.

जुन्या स्कॅनचा खरा उपयोग वेगळा आहे. रिपोर्टचा कागद सगळे जपतात, पण सीडी किंवा मूळ चित्रांची फाइल हरवते. नव्या डॉक्टरांना नुसता कागद पुरत नाही, मग तोच स्कॅन पुन्हा होतो. फुप्फुसात ६ मिलिमीटरचा ठिपका सापडला तर त्यावर पहिला प्रश्न असतो तो पूर्वी होता का. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तो तिथेच आणि तेवढाच असेल तर घन ठिपका बहुधा निरुपद्रवी मानतात आणि पुढचे स्कॅन लागत नाहीत. तेव्हा रिपोर्टबरोबर मूळ चित्रंही मागून घ्या आणि पुढच्या भेटीला बरोबर न्या.